बेळगाव सीमाभागात सायकलने भ्रमंती : कमी वर्दळीच्या वाटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या भागात फक्त सायकलींसाठी राखलेला, मोटारी नसलेला लांब पल्ल्याचा मार्ग आहे का?

नाही, आणि ही गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेली बरी. युरोपात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून आणि कालव्यांच्या काठच्या, पूर्वी घोड्यांकरवी नावा ओढण्यासाठी बांधलेल्या वाटा दुरुस्त करून सायकलींसाठी हजारो किलोमीटरचे मार्ग तयार झाले आहेत. फ्रान्समधील लुआर नदीच्या काठचा मार्गच सुमारे ९०० किलोमीटरचा आहे, आणि ‘युरोव्हेलो’ या नावाने अनेक देशांना जोडणारे मार्ग आखून त्यांवर क्रमांकांच्या पाट्या लावलेल्या आहेत. आपल्याकडे अशी आखणी कोणी केलेली नाही.

तरीही वाहनांच्या गर्दीपासून दूर राहून दिवसच्या दिवस सायकल चालवता येईल अशा वाटा बेळगाव, खानापूर, हुक्केरी, गोकाक आणि चिकोडी या तालुक्यांत भरपूर आहेत. फक्त त्या दुसऱ्याच कामासाठी झालेल्या आहेत. शेतांमधून जाणाऱ्या पाणंदी बैलगाड्यांसाठी झाल्या, कालव्यांच्या भरावावरचे रस्ते पाटबंधारे खात्याच्या देखभालीसाठी झाले, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारे अरुंद डांबरी रस्ते शाळा, दूध आणि बाजार यांसाठी झाले. सायकलस्वार या वाटांवर पाहुणा असतो. ही जाणीव ठेवून निघणाऱ्याला हा प्रदेश जितका जवळून दिसतो तितका तो मोटारीतून कधीच दिसत नाही, असे मी अनेक वर्षांच्या फिरण्यावरून निःशंकपणे म्हणू शकतो.

मग नकाशावर अशा वाटा शोधायच्या कशा?

सर्वप्रथम राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर असा जाणारा पुणे–बंगळूर रस्ता, आणि खानापूरवरून गोव्याकडे जाणारा महामार्ग ७४८ हे दोन्ही मनातून वगळावेत. त्यानंतर उपग्रहचित्रात नदी, ओढे आणि कालवे यांच्या रेषा पाहाव्यात, कारण या भागातील जुनी वस्ती पाण्याच्या आधाराने बसलेली आहे आणि गावांना जोडणाऱ्या शांत वाटाही बहुधा त्याच दिशेने जातात. पाणंदी नकाशावर अर्धवट दिसतात किंवा शेतात पोचून एकाएकी संपतात. म्हणून प्रत्येक गावाच्या वेशीवर थांबून पुढच्या गावाचे नाव घेऊन विचारणे हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. विचारताना “ही वाट तिकडे जाते का?” एवढेच न विचारता “सायकल जाईल का, मध्ये ओढा आहे का?” असेही विचारावे. पायी माणसाला सोपी असलेली वाट लादलेल्या सायकलीला अवघड ठरू शकते, आणि हा फरक विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही.

नावांच्या दोन रूपांची सवय करून घ्यावी. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतरीत्या बेळगावी झाले आहे, त्यामुळे रेल्वेच्या आणि नकाशाच्या शोधात तेच लिहावे लागते. गावोगावी मात्र मराठी माणूस बेळगाव असेच म्हणतो. रस्त्यावरील दिशाफलक मुख्यतः कन्नड लिपीत असतात. ज्यांना ती लिपी वाचता येत नाही त्यांनी वाटेतील पाच-सहा गावांची कन्नड अक्षरे कागदावर उतरवून हँडलच्या पिशवीत ठेवावीत. चौकाचौकात थांबून फोन बाहेर काढण्यापेक्षा हे फार सोयीचे पडते.

कालव्याच्या काठाने सायकल चालवता येते का?

अनेक ठिकाणी येते, पण या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण इथल्या भ्रमंतीतील सर्वांत सुंदर आणि सर्वांत निष्काळजीपणे वापरला जाणारा भाग हाच आहे.

घटप्रभा नदीवर हुक्केरी तालुक्यात हिडकलचे मोठे धरण आहे आणि त्याच्या खाली धुपदाळ येथे ब्रिटिशकालीन बंधारा आहे. या बंधाऱ्यापासून घटप्रभेचा डावा कालवा निघतो. कालव्याची मूळ कल्पना अशी असते की पाणी केवळ उताराने वाहत जावे, म्हणून तो जमिनीच्या समपातळीचा माग काढत, टेकड्यांना वळसे घालत जातो. त्याच्या भरावावरचा रस्ताही साहजिकच जवळजवळ सपाट असतो. लांबच्या प्रवासाला निघालेल्या सायकलस्वाराला याहून अधिक काय हवे? एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस किंवा मका, आणि मधूनच कालव्याखालून जाणाऱ्या ओढ्याची मोरी, असे तास न् तास चालते.

परंतु हा रस्ता सार्वजनिक सडक नव्हे. काही ठिकाणी फाटक असते, ते बंद असेल तर वळसा घ्यावा. सायकल उचलून पलीकडे टाकू नये. भरावाला कठडा नसतो, पावसानंतर कडेचे गवत निसरडे होते, आणि कालव्याच्या फरसबंद उतरत्या बाजूवरून पाण्यात पडलेल्या माणसाला स्वतःच्या बळावर वर येणे फार कठीण असते. म्हणून आवर्तन सुरू असताना, म्हणजे कालवा भरून वाहत असताना, पाण्याच्या बाजूने न जाता शेताच्या बाजूने चालवावे, लहान मुलांना सोबत घेऊ नये, आणि अंधार पडण्याआधी डांबरी रस्त्यावर परत यावे. पाणी भरण्यासाठी कालव्यात उतरणे हा धोका तर कोणीही पत्करू नये.

धुपदाळच्या जलाशयाचा परिसर १९७४ पासून घटप्रभा पक्षी अभयारण्य म्हणून घोषित आहे. हिवाळ्यात येथे दूर उत्तरेकडून करकोचे व बगळ्यांसारखे दिसणारे क्रौंच येतात. सायकलीचा आवाज नसल्यामुळे पक्षी पुष्कळ जवळ येऊ देतात, पण थांबून सायकल आडवी करताना होणाऱ्या खडखडाटाने सगळा थवा उडतो. सायकल आधीच दूर टेकवून पायी जावे.

सायकल घेऊन रेल्वेने जाता येते का?

येते. मिरज–बेळगाव–लोंढा हा मार्ग आपल्या कामाला फार चांगला येतो, कारण त्यावर कुडची, रायबाग, चिकोडी रोड, घटप्रभा, गोकाक रोड, बेळगाव, खानापूर आणि लोंढा अशी स्थानके आहेत, आणि यांपैकी बहुतेकांच्या बाहेर पडताच शांत रस्ता मिळतो. सायकल डब्यात सोबत न नेता पार्सल कार्यालयात नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, द्यावी लागते. त्यासाठी प्रवासाचे तिकीट आणि ओळखपत्र दाखवावे लागते आणि गाडीच्या वेळेआधी किमान तासभर पोचावे लागते. लहान स्थानकांवर गाडी दोनच मिनिटे थांबते, तेव्हा तिथे सायकल चढवणे-उतरवणे शक्य आहे का याची आदल्या दिवशी चौकशी करावी. टायरमधील हवा थोडी कमी करून, पेडल आतल्या बाजूला वळवून आणि मागचा गिअर कापडाने गुंडाळून दिल्यास नुकसान टळते.

एखादा तीन दिवसांचा मार्ग सुचवाल का?

मला स्वतःला खानापूर तालुक्याचा फेरा सर्वांत प्रिय आहे, म्हणून तोच सुचवतो.

पहिल्या दिवशी बेळगावहून येळ्ळूरमार्गे राजहंसगडाच्या पायथ्याशी जावे. गडावर जाणारा रस्ता तीव्र चढाचा आहे, तो सकाळच्या थंडाव्यात चढावा. वरून एका बाजूला बेळगाव शहर आणि दुसऱ्या बाजूला खानापूरच्या दिशेने दाट होत जाणारी झाडी दिसते, आणि पुढील दोन दिवसांचा प्रदेश कसा आहे हे येथूनच समजते. उतरल्यावर नंदीहळ्ळी, गर्लगुंजी अशा गावांमधून खानापूर गाठावे. महामार्गाने हे अंतर सुमारे २६ किलोमीटर आहे. गावांमधून ते ३० ते ३५ होते, पण त्या जास्तीच्या किलोमीटरांत भाताची खाचरे, कौलारू घरे आणि वीटभट्ट्या पाहायला मिळतात. खानापूरची तांबडी माती कौले आणि मातीची भांडी यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि ती माती सायकलीच्या मडगार्डवर बसू लागली की खानापूर जवळ आले असे समजावे.

दुसऱ्या दिवशी सामान खानापुरातच ठेवून निघावे. प्रथम मलप्रभेच्या काठचे असोगा पाहावे, जिथे रामलिंगाचे देऊळ आणि नदीचा खडकाळ प्रवाह आहे. तेथून नंदगडला जावे. कित्तूरच्या बाजूने इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये येथे फाशी देण्यात आली. त्याची समाधी येथे आहे आणि आजही लोक तेथे नवस बोलतात. पुढे हलशी. प्राचीन काळी या गावाचे नाव पलाशिका होते, ते कदंब राजघराण्याच्या राजधान्यांपैकी एक होते, आणि आज केवळ काही शे घरांच्या या गावात भूवराह नरसिंहाचे भव्य दगडी मंदिर शांतपणे उभे आहे. या मंदिरात नेहमीच्या एका गाभाऱ्याऐवजी समोरासमोर दोन गाभारे आहेत. घाईने आलेल्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही. सायकलने आलेला माणूस निदान तासभर सावलीत बसतोच, आणि मग त्याला ते दिसते.

तिसऱ्या दिवशी खानापूरहून जांबोटीकडे जावे. सुमारे १८ किलोमीटरचा हा रस्ता सतत झाडीतून जातो. जांबोटीजवळ हब्बनहट्टी येथे मलप्रभेच्या पात्रातच मारुतीचे स्थान आहे, आणि पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते. जांबोटीहून बेळगाव सुमारे ३० किलोमीटर आहे. हा गोव्याला चोर्ला घाटातून जाणारा रस्ता असल्यामुळे शनिवार-रविवारी त्यावर मोटारींची रीघ असते. म्हणून हा तिसरा दिवस आठवड्याच्या मधल्या वारी यावा अशी आखणी करावी. ज्यांच्या पायांत बळ आहे आणि हाताशी चौथा दिवस आहे त्यांनी जांबोटीहून कणकुंबीला जाऊन यावे. तिथे माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. असोग्याला ज्या नदीत पाय बुडवले तीच नदी येथे कुंडात मावते.

गोकाकचा धबधबा सायकलने पाहता येईल का?

येईल. घटप्रभा किंवा गोकाक रोड स्थानकावर उतरून धुपदाळ, गोकाक धबधबा आणि मार्कंडेय नदीवरील गोडचिनमलकी असा दोन दिवसांचा प्रवास चांगला होतो. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खोल दरीत कोसळते, आणि ते दृश्य जुलै ते सप्टेंबर या काळातच खऱ्या अर्थाने पाहण्यासारखे असते. त्याच दिवसांत तिथे वाहनांची गर्दीही सर्वाधिक असते, त्यामुळे सकाळी आठच्या आत पोचावे. परतताना करदंट घ्यावे. डिंक आणि सुकामेवा घातलेला हा पदार्थ सायकलीच्या पिशवीत आठवडाभर टिकतो आणि चढावर खाण्यास उत्तम.

कोणता ऋतू योग्य?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे या महिन्यांत दुपारीही चालवता येते. मात्र एकाच जिल्ह्यात पावसाचे मान किती बदलते हे ध्यानात ठेवावे. कणकुंबी-आमगाव भागात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला अथणीकडे ६०० मिलिमीटरही कष्टाने होतो. त्यामुळे जूनमध्ये पश्चिमेचे रस्ते वाहून जात असताना पूर्वेला सुखाने फिरता येते, शिवाय त्या दिवसांतील पश्चिमेचा जोरदार वारा पूर्वेकडे जाताना पाठीशी असतो. परतीला तोच वारा तोंडावर येतो, म्हणून अशा वेळी जाणे सायकलने आणि येणे रेल्वेने करावे.

मार्च ते मे या काळात सकाळी सहाला निघून अकराच्या आत मुक्कामी पोचावे.

कोणती सायकल आणि कोणते टायर घ्यावेत?

महागडी सायकल मुळीच आवश्यक नाही. गिअरची साधी, मजबूत कॅरिअर असलेली सायकल पुरते. टायर मात्र ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे असावेत. पश्चिमेकडे तांबड्या मातीत सुटी खडी असते आणि पूर्वेकडे पाणंदींवर बाभळीचे काटे. दोन जास्तीच्या ट्यूब, पंक्चरचे साहित्य, हवेचा पंप आणि लागतील तेवढे पाने सोबत ठेवावेत. पंक्चरचे दुकान प्रत्येक बाजारगावात असते, परंतु तिथे मोटारसायकलींची कामे अधिक होत असल्यामुळे बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हला लागणारी सोय नसते. आपल्या पंपाबरोबर त्याचा छोटा जोड न विसरता घ्यावा.

काळ्या मातीविषयी वेगळी सूचना देणे भाग आहे. हुक्केरी-गोकाककडील शेतांत अवकाळी पाऊस पडून गेल्यावर पाणंदीत सायकल घालू नये. शंभर पावलांत माती चाक आणि मडगार्ड यांमध्ये घट्ट भरते, चाक फिरेनासे होते आणि ते ओढत नेल्यास मागचा गिअर तुटतो. माझा एक संपूर्ण दिवस असा काटकीने माती उकरण्यात गेला आहे. अशा वेळी डांबरी रस्त्याचा दहा किलोमीटरचा वळसाही जवळचा ठरतो.

ऊसतोडीच्या दिवसांत रस्ते सुरक्षित असतात का?

चिकोडी, निपाणी, रायबाग आणि हुक्केरी या बाजूला नोव्हेंबरपासून गाळप हंगाम संपेपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अहोरात्र चालतात. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो, मागे दिवा असतोच असे नाही, आणि चालकाला मागचे काही ऐकू येत नाही. समोरून ट्रॉली येताना दिसली की सायकल रस्त्याखाली उतरवून थांबावे, आणि पुढच्या ट्रॉलीला ओलांडण्याचा प्रयत्न अरुंद रस्त्यावर करू नये. सूर्यास्तानंतर या भागात सायकल चालवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जंगलातील रस्त्यांना परवानगी लागते का?

खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले, आणि त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. महादयी नदीचे उगमक्षेत्र आणि दुर्मीळ वटवाघळांचा अधिवास असलेल्या बारापेडे गुहा याच जंगलात आहेत. अभयारण्याच्या आत, गुहांकडे किंवा भीमगड किल्ल्याकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. हेम्माडग्याच्या रस्त्याने जायचे असल्यास तपासणी नाक्यावर विचारून आणि दिवसाउजेडीच जावे. गवे येथे नेहमी दिसतात, अस्वल कधीतरी दिसते, आणि दांडेलीच्या बाजूने हत्तीही येतात. सायकल आवाज न करता वळणावरून पुढे येते आणि त्यामुळे प्राणी दचकतो. म्हणून वळणांवर घंटी वाजवत किंवा बोलत जावे. गवा रस्त्यात उभा असेल तर थांबावे, तो आपल्या गतीने निघून जाईपर्यंत वाट पाहावी, आणि छायाचित्रासाठी जवळ जाण्याचा मोह टाळावा.

राज्याची सीमा ओलांडताना काही अडचण येते का?

सायकलस्वाराला कोणतीही कागदपत्रे लागत नाहीत. महाराष्ट्रातील चंदगड तालुक्याच्या बाजूला तर सीमा कुठे ओलांडली हे दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलल्यावरच कळते. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक दोन्ही राज्यांत चालतात, मात्र जांबोटीच्या पुढे फोनला सलग रेंज मिळत नाही, तेव्हा घरी सांगून निघावे.

मराठीवर भागते का, की कन्नड यावेच लागते?

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, खानापुरात आणि निपाणीच्या बाजूला मराठीवर पूर्ण भागते. गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगलकडे गेल्यावर पाच कन्नड शब्द असावेत: दारी म्हणजे वाट, नीरू म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण, एडक्के म्हणजे डावीकडे आणि बलक्के म्हणजे उजवीकडे. एवढे बोलल्यावर समोरचा माणूस बहुधा आपण होऊन मराठीत किंवा हिंदीत उत्तर देतो, आणि तितक्याने ओळख होते. वडीलधाऱ्यांना ‘अज्जा’, स्त्रियांना ‘अक्का’ किंवा ‘अव्वा’ म्हणावे.

मुक्काम आणि जेवण यांचे काय?

तालुक्याच्या गावी साधे लॉज असतात. जांबोटी ते कणकुंबी भागात घरगुती निवासाची सोय होऊ लागली आहे, पण आधी विचारून जावे. देवळाच्या ओवरीत झोपायचे असल्यास पुजाऱ्यांची आणि पंचमंडळींची परवानगी घ्यावी, आणि सकाळी जागा झाडून निघावे. खेड्यातील खानावळीत दुपारी भाकरी, पिठले आणि आमटी मिळते. रात्री आठनंतर मात्र काही मिळेल असे गृहीत धरू नये.

शेतातल्या वाटांवर कसे वागावे?

पाणंद अरुंद असते. समोरून बैलगाडी, म्हशी किंवा डोक्यावर भारा घेतलेली बाई येत असेल तर आपण उतरावे आणि सायकल बांधाच्या बाजूला घ्यावी. बैल सायकलीला बुजतात, तेव्हा गाडीवानाने हाक दिल्यावरच पुढे जावे. उभ्या पिकातून वाट काढू नये, विहिरीचे पाणी विचारूनच घ्यावे, आणि कडेच्या काजूला किंवा आंब्याला हात लावू नये. शेतावरचे कुत्रे अंगावर आले तर पळू नये; खाली उतरून सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरून सावकाश चालत राहावे.

अगदी पहिल्यांदा जाणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

राकसकोपपासून. बेळगावच्या कॅम्पातील जुन्या झाडांच्या सावलीतून निघून बेनकनहळ्ळी आणि बेळगुंदी या गावांवरून राकसकोप जलाशयाकडे जावे. मार्कंडेय नदीवरील या जलाशयाचे पाणी बेळगाव शहर पिते, म्हणून तिथे पाण्यात उतरू नये. पुढे तुडये गावी महाराष्ट्रात प्रवेश होतो, आणि शिनोळी, बाची, सुळगा करत हिंडलग्यावरून परत शहरात येता येते. सगळे मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतात आणि मोठा चढ एकही नाही. शिनोळीपासून पुढे वेंगुर्ला रस्त्यावर वाहने भेटतात, तेवढा भाग सकाळी दहाच्या आत उरकावा. काढणीच्या दिवसांत बेळगुंदीच्या शेतांत रताळ्यांचे ढीग घातलेले असतात. कोणी भाजलेले रताळे हातावर ठेवले तर नाही म्हणू नये.